बाल्टिक समुद्रातील शिडांची जहाजे

मुलांनो, युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्र आहे. त्याच्या काठची ल्यूबेक, विस्बी, तालिन ही नगरे मध्ययुगात ‘हान्सा’ नावाच्या व्यापारी संघामुळे भरभराटीस आली. मीठ, खारवलेले मासे, मेण व कापड यांची शिडांच्या जहाजांतून ने-आण होई. पण वारा पडला की जहाज जागीच खिळे; थंडीत बर्फ साचले की व्यापारच थांबे.

आजही हौशी प्रवाशांना नेणारी शिडांची छोटी, आलिशान जहाजे आहेत. ‘सी क्लाउड’ हे त्यांपैकीच एक. ते १९३१ साली बाल्टिकच्याच काठी, कील येथे बांधले गेले. त्याच्या चार डोलकाठ्यांवरील शिडे खलाशी अद्याप हातांनीच उभारतात. वारा पडला तर आता यंत्र साहाय्यास येते. जुन्या व्यापाऱ्यांना मात्र धीर हाच एक आधार होता!