स्टीअरिंगच्या आधी सीटचा विचार करा

मुलांचा हट्ट किंवा मोठ्यांची हौस म्हणून हल्ली पुष्कळ घरांत संगणकाला जोडायचे स्टीअरिंग, पेडल्स नाहीतर जॉयस्टिक येते. सगळे पैसे त्यातच संपतात आणि बसायला मिळते ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची. महिन्याभरात कंबर व मान दुखू लागते आणि बोल लावला जातो खेळाला. खरे तर गडबड बैठकीत असते.

खुर्ची हलता कामा नये

मोटार शर्यतीत ब्रेक जोरात दाबावा लागतो. चाकांची खुर्ची अशा वेळी मागे सरकते, पाठीचा आधार सुटतो आणि खेळणारा वाकून बसतो. म्हणून चाके अडवा आणि पेडल्स भिंतीला टेकवा. जुन्या मोटारीची सीट मजबूत चौकटीवर बसवणेही सोयीचे. ती पुढेमागे सरकणारी असावी, म्हणजे वडील आणि बारा वर्षांची मुलगी दोघांनाही चालते. मात्र एअरबॅग असलेली सीट घेऊ नका.

माप कसे घ्याल?

पाठ पूर्ण टेकवून बसा. ब्रेक शेवटपर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहावा. खांदे न उचलता हात लांब केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे. कंबरेमागे छोटी उशी ठेवा. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांसमोर असावी.

फॉर्म्युला वनचा चालक जवळजवळ आडवा बसतो, पण त्याची सीट त्याच्याच शरीराच्या मापाने बनवलेली असते. घरी त्याची नक्कल नको.

वैमानिकाची युक्ती

एअरबसच्या कॉकपिटमध्ये समोरच्या काचांच्या मधल्या खांबावर छोटे गोळे असतात. ते ठराविक रेषेत दिसेपर्यंत वैमानिक आपली सीट वरखाली, पुढेमागे करतो. घरीही प्रत्येकाच्या जागेची खूण रंगीत टेपने करून ठेवा. जॉयस्टिक उंच टेबलावर ठेवल्यास खांदा अवघडतो. कोपर टेकेल इतक्या उंचीवर ती बाजूला बसवा.

बैठक कितीही चांगली असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चाला. हातापायांना वारंवार मुंग्या येत असतील किंवा कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. साधे स्टीअरिंग पुढे कधीही बदलता येते, पाठीचा कणा नाही.