धावणे आणि अर्धशक्ती

रंकाळ्याच्या काठी पहाटे धावणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेलेही दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र धावण्याची मात्रा मनगटावरील घड्याळ ठरवू लागले की आम्हांस चिंता वाटते. वाग्भटाने अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांस, शीतकाळी व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून अल्प. कपाळी, नाकावर व सांध्यांवर घाम येऊ लागला, तोंडास कोरड पडली आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला, की अर्धी शक्ती खर्चली असे जाणावे. तालमीतील मल्लाशी बरोबरी करू नये. त्याच्या खुराकात दूध, तूप व बदामाची थंडाई असते. तेल-तूप वर्ज्य करून धावणाऱ्याचे गुडघेच प्रथम कुरकुरतात. छातीत दडपण वा भोवळ आल्यास मात्र तत्काळ थांबवून हृदयाची तपासणी करवून घ्यावी.