पंधरा माणसांच्या घराला अंघोळीचे गरम पाणी



निफाड तालुक्यातील एका श्रोत्याने पत्रात विचारले आहे, "आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतो. आईवडील, बायकामुलं धरून पंधरा माणसं. मोठी वहिनी पहाटे चारला उठून बंब पेटवते. आता नवं घर बांधतोय. धाकटा म्हणतो गॅसचा गिझर घ्या, मी म्हणतो सोलर, आणि आण्णा म्हणतात बंबच बरा. काय करावं?"

थंडीत तुमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा पहाटे चारला उठणे म्हणजे काय हे त्या वहिनींनाच विचारावे. म्हणून प्रश्न चांगला आहे. पण यंत्र निवडण्याआधी पाण्याचा हिशेब मांडू.

माणशी २० लिटरची एक बादली धरली तर पंधरा माणसांना ३०० लिटर पाणी लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. २० अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायचे तर ६,००० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या मापात हे सात युनिट.

दीड हजार वॅटचा रॉड बादलीत टाकला तर एका बादलीला जवळजवळ वीस मिनिटे. पंधरा बादल्यांना पावणेपाच तास! त्यातून गावात सकाळी दाब कमी. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर रॉडची ताकद साठ टक्क्यांवर येते. शिवाय रॉड चालू असताना बादलीत हात घालून दगावलेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत. मुलाबाळांच्या घरात रॉड नकोच. विजेचा गिझर बसवायचा तर अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच या दोन गोष्टींशिवाय बसवू नये.

गॅसचे गणित असे. एक किलो गॅसातून सुमारे ११,००० किलोकॅलरी निघतात, पण गिझरमधून पाण्यात उतरतात त्यातल्या ऐंशीएक टक्के. म्हणजे रोज जवळजवळ पाऊण किलो गॅस नुसत्या अंघोळीला. १४.२ किलोची टाकी तीनेक आठवड्यांत संपेल. गोबरगॅसचेही तेच. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते, थंडीत गॅस कमी होतो, आणि तो अंघोळीला जाळला तर स्वयंपाकाला काय उरणार? तो चुलीपासून बाईची सुटका करण्यासाठी ठेवावा.

उघड्या चुलीवर लाकडाची बहुतेक उष्णता भांड्याबाहेर जाते. तीनशे लिटरला रोज अकरा ते सोळा किलो लाकूड लागेल. बंबात मधल्या नळीभोवती पाणी असते, म्हणून फोड कमी लागते. या बाबतीत आण्णांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तुमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीची काडी फुकट असते. ती वाळवून ठेवलीत तर बंबाचा खर्च नाहीच. पण धूर आणि पहाटेचे उठणे हा खर्च आहे, तो फक्त पुरुषांच्या हिशेबात येत नाही.

आता सोलर. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, त्याला पंप लागत नाही. टाकीतले पाणी साधारण ६० अंशांवर जाते. असे १५० लिटर पाणी २० अंशांच्या १५० लिटर पाण्यात मिसळले की ४० अंशांचे ३०० लिटर तयार. थोडी शिल्लक हवी म्हणून पंधरा माणसांना २०० लिटरचा संच घ्यावा. तोंड दक्षिणेला, सावली नको. २०० लिटर म्हणजे पाण्याचेच वजन २०० किलो, म्हणून पत्र्यावर किंवा कौलांवर ठेवू नये. स्लॅबवर किंवा भक्कम बांधलेल्या ओट्यावर ठेवावा. थंड पाण्याची टाकी संचाच्या टाकीपेक्षा उंच हवी. बोअरचे पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या तुंबतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा संच साफ करायला सोपा.

मात्र एक गोष्ट घरात सगळ्यांनी समजून घ्यावी. पहाटेचे गरम पाणी हे कालच्या उन्हाचे असते. संध्याकाळी कोणी भांड्यांना, कपड्यांना टाकी उपसली तर तिच्यात थंड पाणी भरते आणि सकाळी वाद होतात. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत सोलर तापत नाही. तेव्हा जुना बंब मोडीत घालू नका! सोलर रोजचे आणि बंब अडीअडचणीचा, ही जोडी मला पसंत आहे. बंबाची पाळी मात्र घरात वाटून घ्या. कोरडा बंब पेटवू नये, डाक निघतो.

धाकट्या भावाला एक सांगायचे आहे. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसवला की जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळीला जातो आणि आतच बेशुद्ध पडतो. गिझर घ्यायचाच तर भिंतीबाहेर, उघड्यावर बसवा. हाच वायू कोळशाच्या शेगडीतून निघतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून रात्रभर शेगडी ठेवतात. असे कधीही करू नये. शेक द्यायचा तर दार उघडे ठेवून द्यावा, झोपण्याआधी शेगडी बाहेर काढावी, आणि उबेला रबरी पिशवीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून द्यावे. बंबही न्हाणीघरात नको, बाहेरच्या पडवीत ठेवा.

आणखी एक फुकटची युक्ती. थंडीत उघड्यावरच्या टाकीतले पाणी रात्रीत गारठते, पण विहिरीतून ताजे काढलेले पाणी कोमट असते. १५ अंशांऐवजी २५ अंशांचे पाणी बंबात घातले तर इंधन चाळीस टक्के कमी लागते. म्हणून बंबाची टाकी रात्री भरू नका, सकाळी भरा.

घर अजून बांधायचे आहे हे बरे. न्हाणीघर सोलरच्या जवळ काढा. नळ लांब असला की बादलीभर गार पाणी वाया गेल्यावर गरम येते. गरम पाण्याच्या नळाला वेष्टण घाला आणि तो स्लॅब पडण्याआधीच ठरवा.

याबाबत आणखी विचारायचे असल्यास पत्रात घरातील माणसे किती, छप्पर कसले, आणि पाणी विहिरीचे की बोअरचे, हे जरूर लिहावे.