तीन दिवसांत १३० किलोमीटर

गाळप हंगामात वारंगा फाट्यावर पाच मिनिटं उभं राहा. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून नागपूरला. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर घरघरत जात असतात. ट्रेलरवर ऊस दिसतो, पण खरी वाहतूक पाण्याची चाललेली असते. उसात साधारण ७० टक्के पाणी असतं. म्हणजे एका टनामागे ७०० लिटर. दिवसाला २,५०० टन गाळणाऱ्या मध्यम कारखान्यात विहिरीचा किंवा कालव्याचा थेंब न घेताही रोज साडेसतरा लाख लिटर पाणी गव्हाणीतून आत येतं.

ते बाहेर किती सोडायचं, याला मर्यादा आहे. जानेवारी २०१६च्या केंद्रीय नियमानुसार टनामागे २०० लिटर, तेही प्रक्रिया करून. आपल्या मध्यम कारखान्याचे झाले रोज ५ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी ५० टँकर. आता राज्याचा हिशोब करू. २०२१-२२च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे २०० कारखान्यांनी १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला. नियमाच्या काठापर्यंत गेलं तरी २,६०० कोटी लिटर सांडपाणी होतं. धरणाच्या भाषेत २६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), जवळजवळ एक टीएमसी. आपल्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दलघमी आहे. त्याचा सदतिसावा हिस्सा, आणि तो सांडपाण्याचा!

पण लिटर मोजून नदीचं दुखणं कळत नाही. त्यासाठी बीओडी बघावा लागतो: पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. नदीत सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. प्रक्रियेआधी साखर कारखान्याच्या सांडपाण्यात तो हजारावर असू शकतो. स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये मात्र विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे असं एक लिटर कच्चं पाणी १२५ लिटर नदीचा श्वास संपवू शकतं. डिस्टिलरीत मद्यार्क काढून उरणाऱ्या पाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, बीओडी तर ४५ हजारांच्या घरात जातो. त्याचा एक लिटर म्हणजे साडेपाच हजार लिटर नदी. लोक सरसकट ‘मळीचं पाणी’ म्हणतात, त्यात हे सगळं येतं. सकाळी मासे उताणे तरंगताना दिसतात ते यामुळेच.

हे माप काढायला प्रयोगशाळेत ३०० मिलिलिटरची काचेची बाटली असते, घासून बसवलेल्या बुचाची. हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही. मग बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. पद्धत चोख आहे, पण नदी तीन दिवस थांबत नाही. सेकंदाला अर्धा मीटर एवढ्या संथ चालीनंही पाणी तेवढ्या वेळात १३० किलोमीटर जातं. हिंगोली-नांदेड रस्त्याहून लांब! अहवालावर सही होईपर्यंत ते पाणी कुणाच्या तरी जनावरांनी पिऊन झालेलं असतं.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ५ फेब्रुवारी २०१४चा आदेश मला फार मोलाचा वाटतो. साखर आणि डिस्टिलरीसह अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना त्यानं सांडपाण्यावर आणि धुरावर सतत नजर ठेवणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला लावली. आकडे थेट केंद्र आणि राज्य, दोन्ही मंडळांच्या सर्व्हरवर जायचे. दर पंधरा मिनिटांना एक नोंद धरली तर दिवसाला ९६. सामू, बीओडी, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), तरंगते कण आणि प्रवाह अशी पाच मापं मिळून ४८० होतात. दोनशे कारखाने आणि दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर १ कोटी ४४ लाख नोंदी. एवढ्या नोंदी कागदावर कोण वाचणार? अमेरिकेनंही २०१५ साली नियम करून सांडपाण्याचे कागदी अहवाल इलेक्ट्रॉनिक केले, राज्यांची आणि केंद्राची माहिती एका ठिकाणी यावी म्हणून.

या कोटीभर आकड्यांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रिकामा रकाना. बीओडीचा सेन्सर प्रकाशावरून अंदाज बांधतो. भिंगावर बोटाला बुळबुळीत लागणारा थर चढला की माप बिघडतं. ते पुसणारा, प्रयोगशाळेशी ताडून पाहणारा माणूस लागतो. नाहीतर यंत्र बंद, रकाना कोरा. आपल्या मध्यम कारखान्यात एक कोरा रकाना म्हणजे कुणी न पाहिलेलं ५,२०० लिटर पाणी. रात्रीचे आठ तास म्हणजे ३२ रकाने, १ लाख ६६ हजार लिटर. ते कच्चंच गेलं असेल तर दोन कोटी लिटर नदीचा ऑक्सिजन गेला.

तेव्हा कोरा रकाना लाल रंगातच दिसला पाहिजे, मर्यादा ओलांडल्यासारखाच. आणि कारखान्याच्या केमिस्टला, मंडळाच्या अधिकाऱ्याला जो आकडा दिसतो, तोच त्याच पंधरा मिनिटांत कयाधू-पैनगंगेकाठच्या ग्रामसेवकाच्या आणि नळाला पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर आला पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.