बिऱ्हाड हलविण्याचा आकार

पुण्याहून नागपुरास बदली झालेल्या गृहस्थापुढे वाहतूक कंपनी जो एकरकमी आकडा ठेवते, त्यात सामानाचे घनफळ, सुमारे 700 किलोमीटरांचे अंतर, बांधणीचे साहित्य आणि हमाली अशा भिन्न बाबी एकत्र मिसळलेल्या असतात; म्हणून त्यांची तपशीलवार फोड लेखी मागणे हा त्याने आपला हक्कच समजावा. सामान प्रत्यक्ष न पाहता दिलेला अंदाज मला विश्वासार्ह वाटत नाही, कारण ट्रकमधील किती जागा व्यापली जाईल यावरच भाड्याची मुख्य भिस्त असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला, गाडी दारापर्यंत न येणारी पेठेतील गल्ली, कपाटांची खोल-जोड यांचा आकार निराळा. महिनाअखेरीस आणि मे महिन्याच्या सुटीत दर चढतात. इतरांच्या सामानासोबत पाठविल्यास भाडे उतरते, मात्र विलंब सोसावा लागतो.

सर्वाधिक उपेक्षा होते ती जोखमीच्या कलमाची. रस्त्यावरील मालवाहतुकीविषयीच्या 2007 च्या कायद्यान्वये आणि त्याखालील 2011 च्या नियमांनुसार, अधिक जोखमीचा दर भरलेला नसेल तर, वाहतूकदाराचे दायित्व सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरते, आणि तेही जाहीर केलेल्या मूल्याच्या आतच मर्यादित राहते. सबब सामानाची यादी किमतींसह करून मालपावतीवर नोंदवावी, आणि विम्यासाठी पैसे घेतले असतील तर हाती खरोखर विमा कंपनीचे विमापत्र आले आहे की वाहतूकदाराचे नुसते आश्वासन, हे गाडी निघण्यापूर्वीच तपासावे. नुकसानीचा दावा लावावयाचा असल्यास, माल नोंदविल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस बजावावी लागते.