रिकाम्या नकाशातले गाव

२०१९ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही सात-आठ जण एका चिमुकल्या यंत्राभोवती डोकी घालून बसलो होतो. यंत्राच्या पडद्यावर मधोमध एक काळा त्रिकोण होता. त्याच्या आजूबाजूला काही नव्हते. रस्ता नाही, नदी नाही, घर नाही. नुसता फिकट पिवळा रंग.

"सर, आपन कुठं बसलो हावो, ते ह्याले समजलं," वनहक्क समितीचा तरुण सचिव म्हणाला. "पन इथं एक गाव हाय, हे काई समजलं नाई."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्याचे कारण शेवटी कळेलच.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. ऐंशीच्या दशकात, गडचिरोली हा चंद्रपूरपासून वेगळा झालेला अगदी नवा जिल्हा असताना, धानोरा तालुक्यातल्या एका शाखेत माझी नेमणूक होती. कर्जाने घेतलेली म्हैस जागेवर आहे की नाही, हे पाहायला सायकलने रानोमाळ हिंडावे लागे. नकाशा कुठला असणार! डायरीत मीच खुणा करी : 'जोडमोहाच्या झाडापासून डावीकडे, नाल्यानंतर तिसरा धुरा.' म्हैस बहुधा सापडत नसे, पण जोडमोह मात्र प्रत्येक वेळी सापडे. त्या काळातल्या एका खातेदाराचा नातू म्हणजे हा सचिव. मी निवृत्त होऊन चंद्रपूरला स्थायिक झालो आहे आणि माझ्याकडे संगणक आहे, एवढ्या भांडवलावर त्याने मला बोलावून घेतले होते.

काम साधे वाटत होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला तिच्या पारंपरिक सीमेतल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. पण मागायचे म्हणजे ते जंगल कुठून कुठपर्यंत आहे, हे दाखवायला हवे. म्हणून गावाने तेंदूपत्त्याच्या पैशातून एक जुने जीपीएस यंत्र विकत घेतले होते. मोबाइल होतेच, पण जंगलात शिरले की रेंज जाई आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी. हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवस काढत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती तेव्हाच नीट उमगली. आकाशातले उपग्रह आपल्याला नकाशा पाठवत नाहीत. ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवतात. चार किंवा अधिक उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्र हिशेब करते आणि आपले अक्षांश-रेखांश सांगते. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य माणसासाठीच्या संदेशात जाणूनबुजून चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरचा फरक पडे. ती मिसळ थांबली आणि उघड्या माळावर पाच-दहा मीटरपर्यंत अचूक जागा कळू लागली. पण हे सारे आकडे झाले. त्या आकड्यांखाली नदी आहे की नांगरट, हे सांगणारा नकाशा वेगळा आणावा लागतो आणि यंत्रात बसवावा लागतो. आमच्या यंत्रातल्या नकाशाला गडचिरोली शहर ठाऊक होते, मोठा रस्ता ठाऊक होता. पुढे सारे पिवळे.

तो नकाशा बसवण्यात माझे अकरा दिवस गेले. पहिले दोन दिवस संगणक यंत्राला ओळखेचना. शेवटी कळले की माझी वायर फक्त चार्जिंगची, तिच्यातून माहिती जातच नाही. मग नकाशाची भलीमोठी फाइल उतरवायला लावली. नव्वद टक्के झाले की चंद्रपुरातली वीज जाई, आणि वीज आली की शून्यापासून सुरुवात. फाइल उतरली तर प्रोग्राम म्हणाला, मी जुना झालो, मला नवा करा. नवा केला तर तो म्हणाला, तुमचा संगणक जुना झाला. त्यावर माझी पत्नी म्हणाली, "तुमच्याबद्दल काही बोलला नाही ना अजून?"

शेजारच्या इंजिनीअर मुलाने आपला लॅपटॉप दिला, तेव्हा गाडी पुढे सरकली. तरी मेमरी कार्ड यंत्राच्या पचनाबाहेरचे निघाले. लहान कार्ड शोधायला तीन दुकाने पालथी घातली. फाइलला यंत्राच्या पसंतीचेच नाव द्यावे लागते, एक अक्षर चुकले तर ते तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शेवटी नकाशा उमटला, तर देवनागरीतली नावे चौकोनी डब्यांच्या रांगा होऊन आली. पस्तीस वर्षे खातेवह्या जुळवलेल्या माणसालाही एखादे यंत्र खिडकीबाहेर भिरकावावेसे वाटू शकते, हे मी त्या दिवसांत शिकलो.

हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा होता. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा उपक्रम. जगभरची माणसे आपापल्या भागातले रस्ते, ओढे, विहिरी त्यात भरतात आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो. आमच्या भागात त्यात कठाणी नदी आली, धानोऱ्याचा रस्ता आला. गाव मात्र तरीही नव्हते. ते आम्हालाच भरायचे होते.

मार्चअखेरीस आम्ही सीमेवरून चालायला सुरुवात केली. सागाची पाने गळलेली, त्यामुळे आभाळ मोकळे आणि संदेश चांगला मिळत होता. पावसाळ्यात ओल्या, दाट पानांखाली हेच यंत्र चाचपडत राहते. पहाटे बाया मोहफुले वेचत असत आणि आमच्यापुढे गावचे भूमिया चालत. वय सत्तरीपलीकडचे. मी त्यांना दादा म्हणत होतो, ते मला अजून बँकेचे साहेबच म्हणत. ते थांबत, एखाद्या दगडावर काठी टेकवत आणि म्हणत, "इथून आमचं." सचिव बटण दाबी.

दुसऱ्या संध्याकाळी घोटाळा झाला. गावाकडे वनखात्याच्या जुन्या नकाशाची एक प्रत होती. तिच्यावरच्या कंपार्टमेंटच्या रेषा मी लॅपटॉपवर उतरवून यंत्रात घातल्या होत्या. आमची चाललेली वाट त्या रेषांशी ताडून पाहिली तर मेळच बसेना. कागदावरची सगळी सीमा पूर्वेकडे सरकलेली, आणि पश्चिम कडेची बोडी, जिच्यावर गावाची गुरे उन्हाळा काढतात, ती रेषेच्या बाहेर. कागद खरा धरला तर पाणी गावाचे नव्हते.

ओट्यावर शांतता पसरली. कुणी म्हणाले, आपल्या आजोबांनीच चुकीचे सांगितले असेल. कुणी म्हणाले, हे यंत्र दाखवूच नका कुणाला. भूमिया दादा एवढेच म्हणाले, "साहेब, बोडी तं जिथल्या तिथं हाय. मी आत्ताच पानी पिऊन आलो. सरकलं ते तुमचं काईतरी."

त्यांचे बरोबर होते. सरकले होते ते माझेच. चंद्रपूरला परतून रात्रभर जागलो, तेव्हा कारण सापडले, आणि ते दोनशे वर्षे जुने निघाले. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासपासून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. साखळ्या आणि अवजड यंत्रे घेऊन उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये त्याला मरण आले, ते आपल्या हिंगणघाटला. आपण नागपूरच्या गाडीत चहा घेतो, तेच हिंगणघाट. पुढे ते काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे एक गणित मांडले. आपले जुने सरकारी नकाशे त्या गणितावर उभे आहेत. उपग्रहांचे गणित निराळे आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण एकातले आकडे तसेच्या तसे दुसऱ्यात घातले की आपल्या भागात दीडशे-दोनशे मीटरचा फरक पडतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी निघालेले सर्वेक्षण विभागाचे नकाशे उपग्रहांच्या मापात आले. आमची प्रत त्याआधीची होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर दोन वह्यांतली आरंभीची शिल्लक वेगळी होती. नोंदी सगळ्या बरोबर, बेरीज मात्र जुळत नव्हती. प्रोग्राममध्ये मापांची एक लांबलचक यादी असते. तिच्यातून जुने भारतीय माप निवडले आणि रेषा पुन्हा घातल्या. बोडी आत आली. मी पहाटे पाचला सचिवाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा तं रात्रीच झोपले, सर. तुमीच जागत होते."

मला खरी धास्ती वाटते ती इथे. ती यादी मी पाहिली नसती तर? यंत्राच्या आकड्यांचा दबदबा असा असतो, की त्यापुढे माणूस आपल्या पायाखालच्या जमिनीवर शंका घेतो. सुदैवाने कायदा इथे शहाणा आहे. २०१२ च्या सुधारित नियमांत म्हटले आहे, की उपग्रहाची चित्रे आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून चालेल, त्यांची जागा घेणार नाही. गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावाच आहे. भूमिया दादांची काठी आणि आमचे बटण, कायद्याच्या लेखी दोन्ही हवेत.

अशा सीमेचे पुढे काय होते, हे याच मुलखाने दाखवले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला आणि तिथली ग्रामसभाही स्वतः बांबू विकू लागली. ज्या बांबूला हात लावला की गुन्हा दाखल होई, त्याच बांबूची मजुरी गावातच मिळू लागली. नकाशावरची एक रेषा पुढे चुलीपर्यंत जाते ती अशी.

एप्रिलमध्ये आम्ही नावे भरायला बसलो. देवनागरी उमटत नव्हती, म्हणून सचिवाने यंत्रात क्रमांक टाकले आणि वहीत त्या क्रमांकांपुढे नावे लिहिली. गोंडी आणि मराठी मिळून ६७ नावे झाली. झरे, खडक, दोन नाल्यांचा संगम, वाघाने बैल मारला ती जागा. तरुण पोरांना त्यातली निम्मी ठाऊक नव्हती. नकाशा कोरा निघाला नसता तर ती विचारली गेली नसती आणि सांगितलीही गेली नसती. माझ्या अकरा दिवसांच्या त्राग्याची भरपाई तिथे झाली.

उत्तरेकडच्या एका टेकडीजवळ मात्र भूमिया दादांनी सचिवाचा हात धरला.

"इथलं बटन दाबू नोको."

मी विचारले, "का दादा? ही जागा आपल्या सीमेत येते ना?"

"येते. सीमा लिवा. पन ही जागा नोका लिवू. इथं देव हाय, अन् दवाईचं झाड हाय. आमाले मालूम हाय, तेवढं पुरे. तुमच्या मशिनीतलं सारं जग पायते म्हनता नं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. नकाशा भरण्याच्या भरात, भरलेला नकाशा कुणाकुणाच्या हाती पडेल, हा विचार मी केलाच नव्हता. त्या संध्याकाळी ग्रामसभेने ठरवले : सीमा, बोडी, नाले आणि वाटा दाव्यासोबत द्यायच्या; टेकडीजवळच्या त्या जागेची नोंद कुठेच करायची नाही; आणि सगळ्या जगासाठी खुल्या असलेल्या नकाशात गावाचे नाव घालायचे की नाही, हे पोरांनी परस्पर न ठरवता सभेला विचारायचे.

पुढे स्थळ पडताळणीला वनखात्याचे कर्मचारी आपले यंत्र घेऊन आले. बोडीच्या काठावर दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली. आकड्यांत चार-पाच पावलांचा फरक निघाला. सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे उठवले. दावा उपविभागाच्या समितीकडे गेला, तिथून जिल्ह्याच्या समितीकडे. मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली. हक्काचा कागद आला, तेव्हा त्यावर बोडी आत होती.

ती बातमी सांगायला सचिव चंद्रपूरला आला, तेव्हा यंत्र घेऊनच आला होता. मी ते सुरू केले. पडद्यावर आता रेषा होत्या, क्रमांकांचे ठिपके होते. उत्तरेकडे टेकडीजवळचा तुकडा मात्र तसाच पिवळा, रिकामा. भूमिया दादा आदल्या पावसाळ्यात गेल्याचे त्याने सांगितले. ती जागा आता किती जणांना ठाऊक आहे, असे मी विचारले.

"दादांनी जाण्याआधी आमा चार पोरांले नेऊन दाखवली, सर," तो म्हणाला आणि यंत्र बंद करून त्याने पिशवीत ठेवले.