सुळक्याचा हिशेब संध्याकाळपासून

पोशीर गावातून पूर्वेकडे पाहिलं की भीमाशंकरची डोंगररांग आडवी पसरलेली दिसते. तिच्या पदरात, खांडस गावाच्या वर, पदरगड आहे. गडावर पोहोचायलाच एका चिमणीतून, म्हणजे कातळातल्या अरुंद उभ्या फटीतून, पाठ-पाय रेटत चढावं लागतं. वर सुळका आहेच.

समजा, पोशीरच्या सहा जणांना डिसेंबरातल्या एका दिवसात सुळका करायचा आहे. हिशेब सूर्यास्तापासून मागे मोजायचा. सहाला अंधारतं. चिमणी उतरून खांडस गाठायला अडीच तास धरले, तर साडेतीनला सुळक्याचा पायथा सोडायला हवा.

आता कातळावरचा वेळ. लीडर दोर घेऊन पुढे चढतो, वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, लावून दोर अडकवत जातो. खालचा साथीदार त्याला बिले देतो: हवा तेवढाच दोर सोडतो आणि लीडर घसरला तर दोर रोखून धरतो. लीडर शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना सुटला, तर किमान चार मीटर पडतो. दोर ताणला जातो, म्हणून हिसका कमी बसतो, पण पडणं थोडं वाढतं. माथ्यावर तो दोर पक्का बांधतो. मग बाकीचे वरून मिळणाऱ्या दोराच्या आधाराने एकेक करून येतात, त्यामुळे त्यांचं पडणं थोडक्यात निभावतं.

उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून सरकत खाली येणं. साठ मीटरचा दोर दुहेरी केला की तीसच मीटर पुरतो, म्हणून टोकांना गाठी मारायच्या. नाहीतर माणूस दोराच्या टोकावरून निसटतो.

लीडरला एक तास, उरलेल्या पाच जणांना वीस-वीस मिनिटं, उतरायला प्रत्येकी पंधरा. झाले चार तास दहा मिनिटं. म्हणजे अकरा-सव्वाअकराला लीडरने कातळाला हात लावायचा. चिमणीत सगळ्यांना वेळ लागतो, शिवाय तासभर हाताशी हवा, म्हणून खांडसहून साडेसहाला निघायचं. पोशीर त्याआधीच, अंधारात सोडायचं.

आणि आयत्या वेळी आणखी चौघे आले तर? प्रत्येकी पस्तीस मिनिटं, म्हणजे सुळक्यावरच दोन तास वीस मिनिटं जास्त. हाताशी ठेवलेला तास संपून शेवटचे गडी अंधारात खांडसला उतरतील. म्हणूनच जाणते लीडर दोर किती घ्यायचा याआधी माणसं किती घ्यायची ते ठरवतात.